चार पाने आणि चाळीस घरे

शूरदेव राजांचे राज्य एका ओढ्यापाशी संपत असे. ओढ्यापलीकडे, शेजारच्या राज्यात, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या विणकरांची चाळीस घरांची वाडी होती. तेथील राजाने त्या भाषेवर बंदी घातली आणि आठ दिवसांत वाडी सोडून जाण्याचा हुकूम काढला.

शूरदेवांच्या राज्यातल्या गिरजाईची लेक त्या वाडीत नांदत होती. गिरजाई तीनदा शूरदेवांकडे मदत मागायला गेली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, "परक्याच्या हद्दीत आम्ही पाऊल टाकत नसतो."

आठव्या दिवशी दसरा आला. सीमोल्लंघन करून परतलेले राजे दरबारात सोने वाटत होते. गिरजाईच्या हातावर आपट्याचे पान ठेवून ते म्हणाले, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा."

"महाराज, या पानाचे झाड कुठले?"

"ओढ्यापलीकडचे, वाडीच्या वेशीवरचे. पणजोबांपासूनची प्रथा आहे आमची."

"मग शेजारचे राजे रागावले असतील?"

"छे! प्रथेवर कोण रागावतो?"

गिरजाईने पान परत केले. "चार पानांसाठी आपण हद्द ओलांडली, महाराज. चाळीस घरांसाठी तेवढी ती परकी झाली."

राजांनी मान खाली घातली आणि तत्काळ गिरजाईला सोबत घेऊन ते ओढा ओलांडून गेले.

वाडीतल्या चुली विझल्या होत्या, माग मोडून पडले होते. माणूस एकही नव्हते. वेशीवरचा आपटा मात्र हिरवागार होता.

राजे काही बोलणार, तोच गिरजाई म्हणाली, "पाने अजून पुष्कळ उरली आहेत, महाराज."