आवडीची अढी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की कातळखोलला यायला तेव्हा होडीशिवाय वाट नव्हती.

गावात आवडी नावाची कुळवाडीण होती. खोताच्या माडीवर आंब्यांची अढी घालायची ती. अढी म्हणजे काय ते नीट ऐका, कारण हल्ली तुम्ही आंबे पोत्यात कोंबता आणि काळे पडले म्हणून बोंबलता. भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे देठ खाली करून एकेक मांडायचे, वर पुन्हा पेंढा. पडका, दुखावलेला आंबा आत घ्यायचाच नाही. रोज बघायचं, मऊ पडला तो काढायचा, कारण एक नासला की शेजाऱ्यालाही नासवतो. आणि बोटाने दाबायचं नाही, वासाने ओळखायचं. आवडीच्या अढीतला आंबा आषाढातसुद्धा ताजा निघायचा, असं म्हणतात.

आणि एवढं करून तिच्या पदरात काय पडायचं? नासके! अढी घालणारीने नासके न्यावेत, अशी गावाची रीत. रीत कसली, लाज होती ती.

एका वर्षी तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरीच्या पोटात पेजसुद्धा ठरेना. हाडं वर आली. सुईण म्हणाली, काहीतरी पोटात राहिलं तरच दोन्ही जीव वाचतील. सगुणाला वासना एकच, पिकल्या आंब्याची. आवडीने खोताकडे एक चांगला आंबा मागितला. खोत म्हणाला, पहिला देवाला, मग आम्हाला, तुला तुझे नासके आहेतच. अंगणात सगळा गाव उभा होता. एकाचीही जीभ हलली नाही.

आवडीने शाप दिला नाही. एवढंच म्हणाली, "मनात अढी घेऊन मी अढीत हात घालनार नाय."

ती गेली आणि गावातले आंबे थांबले. खोताच्या माडीवरचे थांबले, तसेच गप्प बसलेल्या घराघरातलेही. मृग लागला, पेंढा कुजला, आंबे पिकेनात आणि नासेनात. दगडासारखे हिरवेगार, असं म्हणतात. काही शहाणे सांगतात, तिने चेटूक केलं. चेटूक म्हणे! तिने काहीच केलं नव्हतं, फक्त हात काढून घेतला होता.

शेवटी खोतीण उठली. नवऱ्याला न विचारता एक हिरवा आंबा पदरात घेऊन ती आवडीच्या खोपटात गेली. सगुणाला तेव्हा उठून बसवतही नव्हतं. खोतीण म्हणाली, "आवडे, त्या दिवशी मी माजघरातून सगळं ऐकलं आणि गप्प बसले." मग तिने सगुणाची ओटी भरली.

ओटीत पडताच आंबा पिवळाधमक झाला. सगुणाने तो खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्याच घटकेला गावातली अढीन् अढी घमघमली, असं म्हणतात. सगुणाला मुलगी झाली, ती चांगली म्हातारी होऊन गेली.

तेव्हापासून कातळखोलात अढी उघडली की पहिला आंबा गावातल्या गरोदर बाईच्या ओटीत जातो. ती कुठल्या घरची, कुठल्या जातीची, कोणी विचारत नाही. एकदा एका नव्या गुरवाने हरकत घेतली, की पहिलं फळ देवाचं. म्हाताऱ्या बायांनी त्याला तिथेच गप्प केलं.

"देवाला दुसरा. त्या दिवशी तो पन गपच होता."