गोगूचं हिरवं पान

ऐका हं! एक होती गोगलगाय. एवढुश्शी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिचं नाव गोगू.

गोगू राहायची आत्याच्या घरी, काचेच्या पेटीत. पेटीत पाणी. पाण्यात एक मासा आणि एक हिरवं रोप. रोपाचं सगळ्यात खालचं पान गोगूचं! त्यावर ती झोपायची.

तळाला होते निळे निळे खडे. चकचकीत! आत्यानं हौसेनं आणलेले. "दुकानातली झाडांची माती फार महाग गं बाई," आत्या म्हणाली होती. "खडेच बरे!"

एक दिवस काय झालं? बुडुक! रोप सुटलं. वर जाऊन तरंगायला लागलं. गोगू पानावर चढली. पान फिरलं गरागरा. गोगू धपकन खाली!

"रोपा रोपा, खाली बस ना!"

"कसं बसू? खडे गुळगुळीत. पाय सटकतात. माती आली तर बसेन."

गोगू निघाली. सुळूक सुळूक. पेटीबाहेर, अंगणातल्या कुंडीतल्या मातीकडे गेली.

"माती माती, पेटीत ये ना! रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"छे गं! पाणी होईल गढूळ. वाळूनं झाकलं तर येईन."

सुळूक सुळूक. अंगणात वाळूचा ढीग. घर बांधताना उरलेला.

"वाळू वाळू, मातीला झाक ना! माती येईना, रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"मी ही अशी! अंगभर काड्या आणि कचरा. चाळणीनं चाळलं तर झाकेन."

सुळूक सुळूक. खुंटीवर जुनी चाळणी.

"चाळणी चाळणी, वाळू चाळ ना! वाळू झाकेना, माती येईना, रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"मी तर टांगलेली! आत्या उठली तर चाळेन."

सुळूक सुळूक. आत्या बसली होती पेटीसमोर.

"आत्या आत्या, ऊठ ना! चाळणी चाळेना, वाळू झाकेना, माती येईना, रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"कशी उठू, गोगूबाई? मांडीवर हा छोटा निमू. भोकाड पसरलंय बघ! निमू हसला तर उठेन."

"निमू निमू, हस ना! आत्या उठेना, चाळणी चाळेना, वाळू झाकेना, माती येईना, रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"ऊंऽऽ! माशा कुते गेला? माशा दिशला तल हशेन!"

सुळूक सुळूक. गोगू पुन्हा पाण्यात. मासा कोपऱ्यात दडलेला.

"माशा माशा, बाहेर ये ना! निमू हसेना, आत्या उठेना, चाळणी चाळेना, वाळू झाकेना, माती येईना, रोप बसेना, माझं पान मला मिळेना!"

"नाही बाई! आडोसाच नाही. मला भीती वाटते. रोप बसलं तर येईन."

अरे देवा! पुन्हा रोपच?

गोगूला रडूच आलं. मग ती म्हणाली, "मासा नाही तर नाही. मी आहे ना!"

गोगू काचेवर चढली. थेट निमूच्या नाकासमोर! शिंगं बाहेर, टुण! शिंगं आत, टप! टुण! टप!

निमू बघतच राहिला. आणि हसला. खुदुखुदु खुदुखुदु!

निमू हसला, आत्या उठली! चाळणीनं वाळू चाळली, सर्र सर्र! आत्यानं वाळू धुतली, खळ खळ! मासा पातेल्यात, गोगू वाटीत. खडे बाहेर. खाली माती, वर वाळू. वाळूवर बशी. बशीवर पाणी, हळू... हळू... हळू...

गढूळ झालं? नाही झालं!

रोप बसलं, टच्च! मासा आला, सळ्ळ!

"माशाऽऽ!" निमू ओरडला.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "सगळं अंगणातच होतं की! मी उगाच दुकानं पालथी घातली." खडे तिनं कुंडीत ठेवले. कुंडीही नटली.

आणि गोगू? सुळूक सुळूक, थेट पानावर! पान हललं? जरासुद्धा नाही.

गोगूची शिंगं आत, टप!
आता तुम्हीही झोपा, गप!