दरबारात अडलेलं वाक्य

फार पूर्वी, राजे स्वतःच्या कानांनी प्रजेचं म्हणणं ऐकत असत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक राजा होता. मनाने वाईट नव्हता, पण राग कायम नाकावर. समोरच्याने तोंड उघडलं की ह्याचा निकाल तयार.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. दर पौर्णिमेला कोणीही दरबारात यावं आणि राज्याच्या भल्याचा प्रस्ताव मांडावा. राजा जो निर्णय देईल तो म्हातारा चिटणीस वहीत लिहून घेई, आणि वहीत जे असेल त्याचीच दवंडी गावोगाव पिटली जाई. त्यात एका अक्षराचाही फरक होत नसे.

एका पौर्णिमेला एक पाथरवटीण आली. हाताला घट्टे, लुगड्यावर दगडाची पांढरी धूळ. नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याचा बांध पाझरू लागलाय, असं ती सांगू लागली. जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा खोदला नाही, तर एखाद्या पावसाळ्यात बांध फुटेल आणि खालचं नगर वाहून जाईल. आता तो बांध होता राजाच्या आजोबांनी बांधलेला. झालं, राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांच्या बांधाला नावं ठेवणारी ही कोण?

तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून तो म्हणाला, "चिटणीस, लिहा. पाथरवटीण फेटाळली."

चिटणिसाने लेखणी शाईत बुडवली, वहीपर्यंत नेली आणि तिथेच धरून ठेवली.

"महाराज, हे वाक्य लिहिता येत नाही."

त्या राजाला कोणी 'येत नाही' म्हटल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"राजा बोलेल ती भाषा," राजा म्हणाला.

"राज्य आपलं आहे, महाराज. भाषा आपल्या आजोबांच्याही आधीची आहे. फेटाळतात ती मागणी, फेटाळतात तो प्रस्ताव. तेही पुरता ऐकून घेतल्यावर. माणूस कोणी फेटाळत नाही. माणसासाठी झिडकारणे असा शब्द आहे. तो हवा असेल तर सांगावं, आत्ता लिहितो."

राजाने तो शब्द मनात म्हणून पाहिला. 'राजाने पाथरवटणीला झिडकारलं हो,' अशी दवंडी त्याला ऐकू येऊ लागली. ती हिच्या गावच्या चावडीवर पिटली जाणार, हिच्या लेकरांच्या देखत. मग पुढच्या पौर्णिमेला दरबाराची पायरी चढणार कोण? इतकी वर्षं हे शब्द त्याच्या जिभेवरून येत-जात होते, आणि एकेकात एवढं बळ आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बाई, तुमचं बोलणं पुरं करा," तो म्हणाला.

पाथरवटणीने सगळं सांगितलं. राजाने जन्मात पहिल्यांदा कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकलं. आणि गंमत अशी, की ऐकूनही त्याला ते पटलं नाही. तिने दाखवलेल्या वाटेने सांडवा काढला तर विणकरांची चाळीस घरं मोडत होती. चिटणिसाने खाली मान घालून लिहिलं, 'सांडव्याचा प्रस्ताव फेटाळला. कारण, विणकरांची चाळीस घरं.'

पाथरवटणीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती घरी जाऊन रुसून बसली नाही, कारण अडचण कुठे आहे हे तिला आता ठाऊक झालं होतं. ती महिनाभर डोंगर पालथा घालत हिंडली आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा दरबारात हजर झाली. सांडवा जुन्या दगडखाणीकडे वळवायचा, असं तिने सुचवलं. कातळ फोडायला कष्ट दुप्पट, पण घर एकही मोडणार नव्हतं. प्रस्ताव मंजूर झाला.

सांडवा पुरा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. राजा चिटणिसाला घेऊन बांधावर जाऊन उभा राहिला. तलाव काठोकाठ भरला, आणि मग सगळं जास्तीचं पाणी सांडव्यातून खाणीत झेपावू लागलं. शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये असा त्याचा आवाज, पायाखालची माती थरथरत होती. खाली विणकरांच्या घरांतून चुलीचा धूर निघत होता. राजाने नकळत हात जोडले. त्या पाण्याला, त्या बाईला की आणखी कशाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

जरा वेळाने तो चिटणिसाच्या कानाशी वाकला. "त्या दिवशी मी 'झिडकारली' असं लिहायला सांगितलं असतं तर?"

"तर लिहिलं असतं, महाराज," म्हातारा म्हणाला. "ते वाक्य लिहिता येतं."

राजा पाण्याकडे पाहत राहिला.

तात्पर्य: प्रस्ताव पटला नाही तर पुरता ऐकून खुशाल फेटाळावा, पण मांडणाऱ्याला झिडकारू नये, त्याहून बरा प्रस्ताव त्याच्याच डोक्यात तयार होत असतो.