कडक नेम

"सगळ्यांत कडक नेम कुठला, माई?"

अच्युतनं हे विचारलं तेव्हा तो अजून पुरता टेकलाही नव्हता.

आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. चातुर्मासाचे नेम घ्यायला आसपासची माणसं नदीकाठच्या त्या लहानशा मठात येत, आणि भागूमाई ज्याची त्याची कुवत बघून नेम देत. कुणी वांगं सोडी, कुणी गादी सोडी, कुणी रोज एक अध्याय वाचायचं कबूल करी. दुपारचा नैवेद्य होऊन गेला होता. माई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. समोर एकट्या कुसुमवहिनी उरल्या होत्या.

"थांब जरा," माई अच्युतला म्हणाल्या. "हिचं होऊ दे."

"मी यंदाही चहाच सोडते, माई," कुसुमवहिनी म्हणाल्या.

"नको गं बाई. गेल्या वर्षी चहा सोडलास तू आणि डोकं उठलं तुझ्या सुनेचं. रोज सकाळी तिला एक कप चहा करून दे. झाला तुझा नेम."

"अहो, पण ती मला म्हणेल, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला…"

"म्हणू दे. तेही नेमातच धर."

कुसुमवहिनी हसत हसत पाया पडल्या आणि छत्री उचलून निघून गेल्या.

अच्युतला हसू आलं नाही. एवढ्या लांबून तो काही चहा सोडायला आला नव्हता. त्याला देहाला जाळणारं काहीतरी हवं होतं.

"बोल," माई म्हणाल्या. "कडक कशाला हवा?"

"पाप तसं आहे, माई. तोंडाचं पाप आहे. मला चार महिन्यांचं मौन द्या. घरात नाही, दारात नाही, फोनवर नाही. एक अक्षर बोलणार नाही."

"काय बोललास असं?"

अच्युतनं मान खाली घातली.

"'छान' म्हणालो."

माईंचा हात सुपात थांबला. त्यांनी एक खडा वेचला, बाजूला ठेवला.

"अरे, छान म्हणण्यात पाप असतं तर निम्मं गाव नरकात गेलं असतं. नीट सांग."

त्यानं सांगायला सुरुवात केली. पण सुरुवात केली ती कामापासून, कारण तिथपर्यंत जीभ अडत नव्हती. तो संगीत रचतो, पण सिनेमासाठी नाही आणि मैफिलीसाठीही नाही. आनंदाचं, काळजीचं, पहाटेचं, घाईचं, असं नुसतं वाद्यांचं संगीत आधीच रचून ठेवायचं. कंपनी ते सांभाळते. कुणाला जाहिरातीखाली, कुणाला माहितीपटाखाली लागलं की परवाना घेऊन तो ते लावतो. संगीत कुणाचं, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आपलं कुठं वाजलं, ते रचणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही.

"परडीतली फुलं," माई म्हणाल्या. "कुठल्या देवाला वाहिली, ते माळ्याला कुठं ठाऊक असतं."

"तसंच, माई."

"मग?"

"आम्ही सहा जण आहोत या कामातले. आपापल्या घरी, दार लावून एकेकटे काम करतो. त्यानं कान आपल्याच रचनेला सरावतात, चूक ऐकूच येत नाही. म्हणून दर गुरुवारी जमतो आणि एकमेकांचं ऐकतो. नियम एकच. ज्याला खोट ऐकू येईल त्यानं ती सांगायची. राखून ठेवायची नाही."

"चांगला आहे की नियम."

"आमच्यातल्या यशोधराताईंनीच घातलेला आहे तो."

हे नाव उच्चारताना त्याचा आवाज बारीक झाला. माईंनी ते ऐकलं, पण वर पाहिलं नाही.

माघात कंपनीनं पहाटेचं संगीत मागवलं होतं. तीर्थक्षेत्रांच्या चित्रफितींची एक मोठी माळ होणार होती. घेणार होते एकाचंच. अच्युतनं रचना केली, तशी यशोधराताईंनीही केली. गुरुवारी त्यांनी आपली रचना लावली आणि खोलीतली सगळी माणसं गप्प झाली.

"माझ्या डोळ्यांत पाणी आलं, माई. तेव्हाच कळलं, आपलं काही खरं नाही."

"आहे का ती तुझ्याजवळ? ऐकव."

त्यानं मोबाइल काढला. रचना सापडायला वेळ लागला नाही. ती अगदी वरच होती.

आधी तंबोरा आला. मग लांबून, झोपेतून उठत असल्यासारखी, बासरी. माईंनी डोळे मिटले. नदीवरचा वारा ओसरीत येत होता, आणि क्षणभर ती पहाट खरीच झाली…

एकदम सगळं थांबलं. अच्युतच्या अंगठ्यानं ते थांबवलं होतं.

माईंनी डोळे उघडले. त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"पुढं आहे ना अजून?"

"आहे."

"लाव."

त्यानं लावलं. कोकीळ बोलली, दोनदा. तिच्यामागे कुठंतरी विहिरीवरच्या रहाटाची एक कुरकुर ऐकू आली. मग पुन्हा बासरी.

"गोड आहे," माई म्हणाल्या. "इथं काय खोट?"

"ती कोकीळ ताईंची नाही. कुणा ओळखीच्यानं दिली त्यांना, मीच रेकॉर्ड केलीय म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. पण ती दुसऱ्याच कुणाची तरी आहे. विकायच्या रचनेत घालायची परवानगी नाही तिला. मी तीच कोकीळ आधी एकाकडे ऐकली होती… मागचा रहाट ओळखला मी."

"तिथंच, त्या वेळी?"

"दुसऱ्या हाकेलाच."

"आणि काय म्हणालास?"

"छान."

सुपातले तांदूळ त्यांनी बोटांनी सारखे केले.

"कंपनी सही घेते, सगळं माझंच आहे म्हणून. त्यांच्या तपासणीत ती कोकीळ सापडली. मग त्यांनी ही एकच रचना नाही काढली. ताईंच्या सगळ्या काढल्या. बासष्ट. नऊ वर्षांचं काम. आता दुसरीकडेही कुणी त्यांना उभं करत नाही. लबाड बाई म्हणतात."

"आणि पहाट कुणाची घेतली?"

अच्युतला पदराआड तोंड लपवता आलं असतं तर त्यानं लपवलं असतं.

"माझी."

कुठं तरी घाटावर कपडे आपटल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"चार वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "माझ्या एका रचनेत असाच उसना घंटानाद राहिला होता. त्यांनी ऐकला. घरी जाऊन चूलसुद्धा पेटवली नाही, आधी मला फोन केला. म्हणाल्या, अच्युत, ती घंटा काढ आणि मग जेव…"

त्यानं मोबाइल पालथा ठेवला.

"आणि हे झाल्यावर, माई, त्या मला काय म्हणाल्या ठाऊक आहे? 'तुझ्यासारख्याच्या कानातूनही सुटलं, तर माझी काय कथा.' मलाच धीर देत होत्या. मी तोही घेतला."

आता त्याला वाटलं, माई रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या शांतपणे तांदूळ निवडत राहिल्या. बायकांना पुष्कळ गोष्टी हात चालवता चालवताच नीट ऐकू येतात.

"म्हणून मौन हवं," माई म्हणाल्या.

"हो. पाणीसुद्धा खुणेनं मागेन. तुम्ही म्हणाल तर एकभुक्त राहीन, जमिनीवर निजेन. काही कमी पडू देणार नाही."

"खोट ऐकू आली होती, हे यशोधरेला सांगितलंस?"

"नाही."

"त्या बाकीच्या चौघांना?"

"नाही."

"घरी, बायकोला?"

"कुणालाच नाही, माई. आज तुम्हालाच पहिल्यांदा."

"माघातली गोष्ट म्हणालास ना?" माई बोटांची पेरं मोजू लागल्या. "फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ… आषाढ लागला की रे. पाच महिने झाले."

"हो."

"चातुर्मास चारच महिन्यांचा असतो, अच्युता. तुझं मौन पुरं होऊन वर महिना झाला."

अच्युत त्यांच्याकडे पाहतच राहिला.

"आणखी मौन मी कुठून देऊ? तू आता उद्यापन कर."

एवढ्या वाटेनं येताना त्यानं मनात उपास धरले होते, काटे धरले होते, अनवाणी चालणं धरलं होतं. एवढं एक सोपं धरलं नव्हतं, आणि आता तेच डोंगराएवढं झालं.

"मग ते चौघं मला गुरुवारी बसू देणार नाहीत."

"नाही देणार कदाचित."

"या धंद्यात एकमेकांच्या शब्दावर काम मिळतं, माई. माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही."

"आज आहे?"



माईंनी सूप बाजूला सरकवलं. पदरानं हात पुसले आणि आवाज अगदी हळू केला, आजारी लेकराशी बोलावं तसा.

"यशोधरेला जेवायला बोलाव. बायकोला पुरण घालायला सांग. यशोधरा पाटावर बसली की सगळं सांग. आधी सांग, मग वाढ."

"आधी?"

"तुझं मीठ पोटात गेल्यावर तिला रागावता यायचं नाही."

अच्युतनं डोळे पुसले. मोबाइल खिशात ठेवला. वाकून माईंच्या पायांवर डोकं टेकलं. ते उचलताना त्यानं विचारलं, तोंडातल्या तोंडात, स्वतःलाच विचारल्यासारखं,

"आणि त्या पानावरून उठून गेल्या तर?"

माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो तसाच राहू दिला.

"तिला उठू दे. तू उठू नकोस."