केरबा गुरुजींचा उंबरा

किती पिढ्या झाल्या कोण जाणे, तेव्हा सोनखांब गावात केरबा गुरुजी शिकवायला होते. राज्य लोकांचं असतं, हे ते नुसतं पुस्तकातून सांगत नसत. दर वर्षी मुलांकडूनच शाळेचे मंत्री निवडून घेत. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक मडकं आणि मत म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात एक चिंचोका. असं म्हणतात, की मडक्यात चिंचोका पडल्याचा आवाज वेशीपर्यंत ऐकू जाई.

एका वर्षी मुलांनी पाणीमंत्री म्हणून यल्लव्वाला निवडलं. ती दगड फोडणाऱ्यांच्या पालावरची. आता रांजणातलं पाणी तीच सगळ्यांना देणार होती.

"यल्ले, हात धुतलेस का गं?" तिच्याविरुद्ध उभा राहून हरलेला पाटलाचा नातू चिडवत म्हणाला.

"तुझ्यापेक्षा दोनदा जास्त. धर ओंजळ."

तो हसला आणि पाणी प्याला.

मोठी माणसं मात्र हसली नाहीत. पाटील गुरुजींकडे आले. शाळा त्यांच्याच पडवीत भरत असे.

"तिच्या हातचं पाणी आमच्या पोरांना चालायचं नाही. अहो, पोरांचा खेळ तो. एक नाव बदललं तर कुणाचं काय जातंय? नाहीतर शाळेला दुसरी जागा बघा."

गुरुजी घाबरले. दुसऱ्या दिवशी 'मोजण्यात चूक झाली होती' असं सांगून त्यांनी नातवाचं नाव वाचलं. यल्लव्वानं हातातलं पाणी वाढायचं ओगराळं खाली ठेवलं. "बरं, गुरुजी," एवढंच म्हणाली. आठ दिवसांत पाल उठलं.

पुढच्या वर्षी सगळ्या मुलांनी चिंचोके टाकले, पण मडकी उघडली तर सगळी रिकामी. तिसऱ्या वर्षीही तसंच.

मग गुरुजी यल्लव्वाची माफी मागायला निघाले. असं म्हणतात, की ते म्हातारे होईपर्यंत चालत राहिले. प्रत्येक माळावर त्यांना चूल सापडे, राख अजून गरम असे, पण माणसं पुढं गेलेली असत. एकदाच ते गावात परतले आणि म्हणाले, "मोजताना मला आत घेऊ नका." त्या वर्षी मडकी पुन्हा भरली.

आजही सोनखांबच्या शाळेत मतं मुलंच मोजतात आणि नावही तीच वाचतात. गुरुजी असोत, सरपंच असोत, तोवर सगळे बाहेर थांबतात. त्याला केरबाचा उंबरा म्हणतात. आतून नाव ऐकू येतं, तेव्हा बाहेरची मोठी माणसं खाली बघत उभी असतात.