पानाईला हार का चालत नाही

मोरघळच्या पानाईला हार घेऊन याल तर पायरीवरूनच परत न्यावा लागेल. देवीच्या गळ्यात फूल नाही, कपाळी मळवट नाही. पुढ्यात पळसाच्या पानांचा भारा तेवढा असतो. मंडपातल्या खांबाला लोखंडी कडी आहे, तिच्यात पत्रावळीला टाके घालायच्या बांबूच्या चोया खोचलेल्या दिसतील. त्या कडीला पूर्वी माणसं बांधत. हो, माणसं. तोंड वाकडं करू नका, तुमच्या-आमच्या घरातलीच.

असं सांगतात की फार मागे येसू नावाची एक सून इथं बांधलेली होती. बाळंतपणानंतर तिचं डोकं बिघडलं. कानात कुणीबाही बोलायचं, भर उन्हात ती घर सोडून धावत सुटायची. सासू सगुणाबाईने तिला आणून साखळीने कडीला अडकवलं, आता देवी बघून घेईल म्हणाली आणि घरी जाऊन जेवली. येसूला भाकरी मिळायची, पाणी मिळायचं. पण दिवसभर करायला काही म्हणजे काही नव्हतं. रिकामं बसून धडधाकट माणसाच्याही मनात नको ते येतं, हिच्या कानात तर आधीच बाजार भरलेला.

जत्रा तोंडावर आली आणि गुरवीण कोंडाबाई हिचा अंगठा नखुरड्याने सुजला. पंगतीच्या पत्रावळी लावणार कोण? पानांचा भारा खांबापाशीच टाकून ती लेप लावायला घरात गेली. परत येते तो येसूने हात पोचतील तेवढी पानं ओढून एक पत्रावळ लावलीसुद्धा होती. टाके असे जवळ जवळ की आमटी गळायची बिशाद नव्हती. माहेरी ती हेच करत वाढली होती. सासरी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

कोंडाबाईने साखळी काढली. सगुणाबाईने हटकलं, "पळाली म्हणजे?"

"पळाली तर पानं घेऊन पळेल."

येसू रोज पत्रावळी लावू लागली. कानातले आवाज काही गेले नाहीत म्हणे. पण हात चालू असले की पलीकडच्या आळीत कुणी भांडतंय, एवढेच ऐकू येत. ती पोटभर जेवू लागली, झोपू लागली.

आणि इथं गावाने माती खाल्ली. वेडी शांत झाली म्हणजे तिच्या अंगात देवीच आली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला पाटावर बसवलं, मळवट भरला, हनुवटीपर्यंत हार घातले. बांधणारी सासूच पुढे बसून नारळ घेऊ लागली. येसूने पानं मागितली तर म्हणे, देवीने का पत्रावळी लावायच्या? भारा उचलून नेला. साखळी लोखंडाची होती तेव्हा निदान दिसत तरी होती.

हात रिकामे झाले आणि बाजार पुन्हा भरला. येसूने हार तोडले, स्वतःचे केस उपटले. लोकांनी आणखी हार आणले. पुढच्या वर्षीच्या जत्रेला पंगत बसायची वेळ झाली आणि मांडायला पत्रावळच नव्हती. सारा गाव पाटापुढे हात जोडून उभा. आई, आमचं काय चुकलं?

येसू म्हणाली, "हार काढा. पानं द्या."

सगळे पानं आणायला पळत सुटले. कोंडाबाईचा मात्र तोल गेला. ती म्हणाली, "बाई होऊन मागत होती तेव्हा कुणाच्या कानात बोळे होते? सगुणाबाई, बसा तुम्हीही. सुनेकडून शिकून घ्या."

मग उपाशी पंगतच पानं लावायला बसली. येसू एकेकाचा टाका तपासत फिरली. सासूची पत्रावळ तिने दोनदा उसवायला लावली.

ती इथंच म्हातारी झाली. मधूनमधून बिघडायची, परत भाऱ्यापाशी येऊन बसायची. देवीला पानाई म्हणू लागले ते तिच्यापासूनच, असं म्हणतात.

आजही लोक आपलं माणूस घेऊन इथं येतात. एखाद्याचे हात दोरीने बांधलेले असतात. गुरवीण आधी दोरी सोडते. दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत का विचारते, बंद केल्या असतील तर चांगलं झाडते. मग घरच्यांना विचारते, ह्याला काय काय येतं? पुष्कळांना सांगता येत नाही. तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ फिरवते आणि त्या माणसालाच विचारते.