बिनमोरीचं गाव

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही विचारू नका. डोंगर तेव्हाही होता आणि पाऊस तेव्हाही होता, एवढं पुरे.

त्या डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावातली माणसं मूळची तिथली नव्हती. त्यांचे पणजे-खापरपणजे दूरच्या कोरड्या मुलखातून आले होते. तिकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. म्हणून त्या जुन्या माणसांनी घरंच अशी बांधली की छपराचे सगळे उतार आत, मधल्या चौकात. छपराच्या कडेला लाकडी पन्हळी, पन्हळींखाली रांजण, आणि चौकातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. नियमही घालून दिला : छपरावरचं पाणी घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. गेलं, तर घरची बरकत त्याच्याबरोबर गेली.

कोरड्या मुलखात हा नियम शहाणपणाचाच होता, त्यात खोट नाही. पण माणसं डोंगराकडे राहायला आली ती नियमही गाठोड्यात बांधून घेऊन आली. इथला पाऊस कसा? एकदा बसला की उठायचं नाव नाही! रांजण पहिल्याच दिवशी भरायचे. मग घागरी, मग हंडे, मग काठवट. मग चौकाचं तळं व्हायचं.

तुम्हाला वाटेल, त्यांनी भिंतीला एक मोरी पाडली असेल. छे! त्यांनी उंबरे वाढवले. पावसाळा संपला की जो तो आपल्या खोल्यांचे उंबरे वीतभर उंच करून घ्यायचा. होता होता असं झालं की स्वयंपाकघरात जायचं तर पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागे. भरलं ताट घेऊन आत जाताना किती जण तोंडावर आपटले, विचारू नका. पण मोरीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

नाव कुणी काढायचं? गावात आबा होते ना! आबा म्हणजे गावातले सगळ्यांत वडीलधारे, आणि नियमाचे सगळ्यांत मोठे राखणदार. त्यांच्या शब्दाला मान होता, कारण एक चमत्कार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. गावातले सगळे चौक तुंबायचे, पण आबांचा चौक कधी तुंबत नसे. रात्रभर पाऊस पडो, सकाळी चौक मोकळा.

"ही आमच्या घरची पुण्याई," आबा मिशीवरून हात फिरवून सांगायचे. "नियम मनापासून पाळा, मग पाणी आपोआप जिरतं."

लोक माना डोलवायचे, घरी जायचे आणि आणखी एक उंबरा वाढवायचे.

त्या वर्षी आबांच्या सुनेला, हौसाला, दिवस गेले होते. घरात आनंदीआनंद. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून डब्यात भरून ठेवले. आणि एका सकाळी बघतात तर डबा आडवा, लाडू गायब! जमिनीवर डिंकाचा चुरा सांडत गेला होता तो थेट चौकाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे भिंतीच्या बुडाशी एक हे एवढं मोठं बीळ होतं. घुशीचं.

आबा असे भडकले, असे भडकले! "माझ्या नातवंडाच्या तोंडचे लाडू पळवतेस काय? थांब तुला दाखवतो." घूस बाहेर गेलेली बघून त्यांनी बिळात दगड ठासले, वरून चुना घातला आणि हात झटकले. त्यांचा मुलगा केरबा म्हणाला, "आबा, बीळ भिंतीपलीकडे रुईच्या झुडपात निघतंय, तिकडूनही बुजवतो." आणि तिकडूनही बुजवलं. बापलेक दोघेही खूश.

पाऊस सुरू झाला. हौसाला मुलगी झाली. गोरीगोमटी, आणि रडायला लागली की घर डोक्यावर घेणारी. बारशाची तयारी चालली होती, आणि पाऊस जो बसला तो बसलाच.

आबांचा चौक भरायला लागला.

आधी आबांनी लक्ष दिलं नाही. "जिरेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पायरी बुडाली. "जिरेल म्हणतो ना!" त्यानंतर पन्हळी ओसंडायला लागल्या. पन्हळी अरुंद, त्यात गेल्या वर्षीचा पालापाचोळा तसाच. पाणी पन्हळीत मावेना, ते भिंतीवरून ओघळायला लागलं. ती भिंत होती मातीची, आणि नेमकी बाळंतिणीच्या खोलीची.

हौसा आतून म्हणाली, "मामंजी, भिंतीला हात लावून बघा. लोण्यासारखी मऊ लागतेय."

केरबाने घागर उचलली. "आबा, पाणी बाहेर उपसतो."

"खबरदार!" आबा ओरडले. "या घरातून आजवर तांब्याभर पाणी बाहेर गेलेलं नाही."

"मग हिला आणि पोरीला तरी दुसरीकडे हलवतो."

"कुठे हलवशील?" आबांचा आवाज आता खाली आला होता. खरंच, कुठे हलवणार? गावातल्या प्रत्येक घरात चौक भरलेला, चुली विझलेल्या. बाहेर समोरचं माणूस दिसू नये असा पाऊस. आणि पोर तर अजून मान धरत नव्हती.

पाणी खोलीच्या उंबऱ्यावरून आत यायला बोटभरच उरलं. भिंतीला तडा गेला. आबा उंबऱ्यावर मटकन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली, आणि ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

तेवढ्यात पाण्यातून पोहत पोहत एक घूस आली आणि शेजारच्या उंबऱ्यावर चढून अंग झटकायला लागली.

"अगं ए, तू!" आबा म्हणाले. "अजून काय खायचं राहिलंय?"

"आबा, मी खायला नाही आले," घूस म्हणाली. त्या काळी घुशी बोलायच्या, आणि माणसं अडचणीत असली तर ऐकायचीही. "तुम्हाला एक सांगायला आले. तुमच्या घरची पुण्याई मीच खणली होती."

"म्हणजे?"

"तुमचा चौक दर वर्षी मोकळा व्हायचा तो कसा? पाणी माझ्या बिळातून रुईच्या झुडपात जायचं. तुम्ही मिशीवर हात फिरवायचात, आणि पावसाळाभर माझी पिल्लं भिजायची. यंदा तुम्ही बीळ बुजवलंत आणि पुण्याई संपली."

आबांनी कपाळाला हात लावला. म्हणजे इतकी वर्षं गावाला नियम सांगितला, आणि मोडला जात होता तो आपल्याच घरात!

"पण अहो, पुन्हा बीळ उकरू नका हं," घूस घाईघाईने म्हणाली. "माझ्या खणण्याने भिंतीचा पाया पोकळ झालाय, ती चूक माझी. भिंतीपासून दूर, दरवाजाखालून नीट दगडी मोरी करा. आणि लवकर करा बाई, ते पोर माझ्या पिल्लाएवढंच आहे."

आत पोर रडायला लागली. आबा उठले. पहार कुठे आहे ते त्यांनी केरबाला विचारलं नाही, स्वतःच शोधून आणली. कमरेएवढ्या पाण्यातून ते दरवाजापाशी गेले आणि ज्या हातांनी गावाचे उंबरे वाढवायला लावले त्याच हातांनी दरवाजाखालची जमीन फोडायला लागले. केरबा धावला. बापलेकांनी मिळून दगड उखडला, आणि पाणी जे सुटलं ते गल्लीत धो धो!

चौक उतरायला लागला. हौसाच्या उंबऱ्याखाली वीतभर भिंत दिसली, मग पायरी दिसली. तिने पोरीला छातीशी धरलं आणि ती हसता हसता रडायला लागली.

पण गोष्ट इथे संपली नाही. आबांच्या खालच्या अंगाला बयाकाकीचं घर. तिथून आरोळी आली, "आबा, तुमची बरकत माझ्या चुलीत शिरली की हो!"

आबांना त्याही वेळी हसू आलं. ते तसेच भिजत गल्लीत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "ऐका रे सगळ्यांनी! माझी पुण्याई खोटी होती, ती घुशीची होती. मोऱ्या पाडा. पण पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडायचं नाही. गल्लीतून चर खणा, वर अरुंद आणि खाली येईल तसा रुंद, कारण वाटेत घरोघरचं पाणी त्याला मिळणार."

गावाला जणू हेच ऐकायचं होतं. कुदळी निघाल्या, फावडी निघाली. बयाकाकी तर सगळ्यांच्या पुढे. चर खणत खणत माणसं गावाच्या पायथ्याशी खोलगट भागात पोचली आणि तिथे त्यांनी मातीचा बांध घालून पाणी अडवलं. घरोघरचे चौक उतरले. संध्याकाळी गावात पुन्हा चुली पेटल्या आणि नाचणीच्या भाकरीचा वास सुटला. त्या वासाने मोठमोठ्या माणसांचे डोळे भरून आले.

दिवाळीनंतर पन्हळी बदलल्या. ताडाचं खोड मधून चिरून रुंद पन्हळी केल्या, त्यांना मोरीकडे उतार दिला. दर पावसाळ्याआधी त्यातला पाला काढायचा, हा नवा नियम झाला. मोरीच्या तोंडाला दगडी जाळी बसवली. आणि उंबरे? ते फोडून खाली आणले. त्या दिवशी गावातली म्हातारीकोतारी उगाचच या खोलीतून त्या खोलीत जाऊन बघत होती.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, पण गावाखालच्या तळ्यात पाणी होतं. आबा नातीला कडेवर घेऊन तळ्याकाठी उभे राहिले. पणज्या-खापरपणज्यांना पाणी राखायचं होतं. ते आत्ता कुठे खरं राखलं गेलं होतं.

घरी आल्यावर आबांनी हौसाकडून एक डिंकाचा लाडू मागून घेतला आणि रुईच्या झुडपाखाली नेऊन ठेवला. सकाळी तो तिथे नव्हता.

तात्पर्य : रीत का घातली हे विसरून जो नुसती रीत जपतो, ती रीत जे राखायला घातली होती, त्याचं तेच आधी बुडतं.